नखे कुरतडणारा हात

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा घटकाभर स्वस्थ बसत नाही. सतत चुळबुळ करतो आणि नखे पार मुळापर्यंत कुरतडतो. कडुनिंबाचा रस लावला, रागे भरले, उपयोग नाही. काय करावे? (एक माता, जामखेड)

उत्तर : ज्या कृतीचे भान खुद्द बालकालाच नसते, तिच्याबद्दल त्याचा जाबजबाब घेतला वा मनाईहुकूम फर्मावला, तर त्याच्या अंतःकरणातील अस्वस्थता वाढते आणि ती पुन्हा बोटांनाच तोंडाची वाट दाखवते, म्हणून रसाची वाटी कृपा करून बाजूला ठेवा. या वयात थोडी चंचलता स्वाभाविकच होय.

आधी चार दिवस नुसते निरीक्षण करा : हात वर जातो तो पाढे म्हणताना, की घरात आवाज चढला असता? मग त्या क्षणी न बोलता त्याच्या खांद्याला स्पर्श करा. स्पर्श होताच मूठ मिटून वीस आकडे मोजायचे, ही खूण दोघांनी आधीच ठरवलेली असावी. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ ॲझरिन व नन यांनी मांडलेल्या सवय-परिवर्तन पद्धतीचे हेच मर्म आहे.

शिवाय हातांना काम द्या. आपल्याकडे ज्वारी घरोघर. सुपातले खडे वेचताना, पिठाचा गोळा मळताना, शेंगा फोडताना बोटे कशी रमतात ते पाहा. १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र उभारणाऱ्या ताराबाई मोडकांनी परिसरातल्या साध्या वस्तूंनाच शिक्षणसाहित्य मानले, ते मला फार मोलाचे वाटते.

नखे दर आठवड्यास कापा. नखांवाटे जंतही पोटात जातात, म्हणून रात्री गुदद्वारी खाज सुटत असल्यास त्यांची शंका घ्यावी. औषध बहुधा साऱ्या कुटुंबालाच घ्यावे लागते. नखांभोवती पू दिसला, किंवा घरी व शाळेतही चुळबुळीने शिक्षण अडू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा.