उशिरा आलेला स्फटिक

आमच्या प्रयोगशाळेत एका एन्झाइमचे स्फटिक ट्रे लावल्यानंतर कित्येक महिन्यांनी दिसले. त्याच कृतीने ताज्या प्रथिनाचे ट्रे लावले, तर थेंब कोरेच. धीर धरा, येतील, असं सगळे सांगत राहिले आणि त्यात एका विद्यार्थिनीच्या पीएचडीचं जवळजवळ वर्ष गेलं. शेवटी तिने जुन्या ट्रेमधला एक स्फटिक उचलला, विहिरीतल्या द्रावणात नीट धुतला, विरघळवला आणि जेलवर चढवला. पट्टा अपेक्षेपेक्षा बराच खाली उतरला. शुद्धीकरणातून निसटलेल्या लेशमात्र प्रोटीएजने प्रथिनाची सैल शेपटी थेंबातच हळूहळू कापली होती, आणि स्फटिक त्या कापल्या गेलेल्या प्रथिनाचा होता. शेपटी वगळून नवा कन्स्ट्रक्ट केला, तेव्हा स्फटिक आठवड्याच्या आत आले.

म्हणून ‘धीर धरा’ हा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. स्फटिक उशिरा आला, तर एवढ्या काळात थेंबात काय बदललं, हे विचारायला हवं.

जेम्स सम्नर यांनी 1917 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जॅक बीनमधून युरिएझ वेगळं करायला घेतलं. स्फटिक मिळाले 1926 मध्ये. पण ज्या द्रावणातून ते आले, ते फक्त रात्रभर थंडीत ठेवलेलं होतं. नऊ वर्षं गेली ती योग्य द्रावण सापडण्यात.

पहिला संशय पाण्यावर घ्यावा. थेंबातलं पाणी वाफेच्या रूपाने विहिरीकडे जातं. विहिरीत अमोनियम सल्फेट असेल तर हा समतोल काही दिवसांत साधतो, पेग असेल तर कित्येक आठवडे लागू शकतात. कव्हरस्लिपखाली ग्रीसची फट राहिली असेल, तर विहीरच आटत जाते आणि स्फटिक अशा तीव्रतेला येतो जी तुमच्या वहीत कुठेच नाही. दुसरा संशय डीटीटीवर. साडेआठ सामूला, 20 अंश तापमानात त्याचं अर्धायुष्य दीड तासाच्या आसपास असतं. महिनाभर उभ्या राहणाऱ्या थेंबात ते प्रथिनाला काय सांभाळणार? तिथे टीसेप वापरावं. उन्हाळ्यात वीज गेली आणि ट्रेच्या खोलीतला एसी बंद पडला, तर तीही तारीख वहीत लिहावी.

आणि स्फटिक प्रथिनाचाच आहे का? बफरमध्ये फॉस्फेट आणि सोबत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल, तर उशिरा दिसलेला देखणा स्फटिक बहुधा क्षाराचा निघतो. सुईने दाबून पाहावं: क्षार कडक लागतो, प्रथिन भुसभुशीत. मेथिलीन ब्लू सहसा प्रथिनाच्या स्फटिकात शिरतं, क्षाराच्या नाही. तरी खात्री जेलवरच होते. त्यामुळे बीमटाइम जवळ आला, तरी सगळे स्फटिक सिंक्रोट्रॉनवर पाठवू नयेत.

प्रथिन अखंड आहे, द्रावण ठीक आहे, तरी उशिराने एखाददुसराच मोठा स्फटिक येतो, तेव्हा अडचण वाढीची नसून सुरुवातीची असते. पहिलं केंद्रक जमायला जितकी अतिसंपृक्तता लागते, तितकी पुढच्या वाढीला लागत नाही. इथे विरजण लावावं तसं बी टाकावं. एक स्फटिक विहिरीच्याच द्रावणात मण्याबरोबर घुसळून चुरा करावा, त्याचे दहापट, शंभरपट, हजारपट विरल नमुने करून उणे 80 अंशांवर ठेवावेत. थेंबातली तीव्रता थोडी कमी करून बी टाकलं, तर त्यात नवी केंद्रकं सहसा जमत नाहीत, टाकलेलं बीच वाढतं. पूर्वी हे काम मांजरीच्या मिशीने व्हायचं, अजूनही होतं. 2007 मध्ये अ‍ॅलन डार्सी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तेच बी संपूर्ण वेगळ्या स्क्रीनमध्ये टाकल्यास नव्या परिस्थितींतही स्फटिक मिळतात. थेंबात सुयांचा झुबका आला, तर बी जास्त पडलं. आणखी विरल नमुना घ्यावा. काहीच आलं नाही, तर आधी मूळ चुरा वापरून पाहावा, मगच प्रथिनाची तीव्रता वाढवावी.