जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यास भेट दिलेल्या विद्यार्थ्यांनी तेथील पिवळी रोल्स-रॉइस मोटार पाहिलीच असेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली. परंतु १९११ साली त्यांचे निधन झाले आणि ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. समारंभप्रसंगीच बाहेर पडणारी ही गाडी फार थोडी धावली, पुढे दीर्घकाळ पडून राहिली, आणि दुरुस्त होऊन आज प्रेक्षकांपुढे उभी आहे. अशी मोटार आपल्या घरी असणे शक्य नाही. तथापि ज्या शास्त्राने ती वाचली ते शास्त्र सामान्य माणसाच्या अंगणातील मोटारीलाही तितकेच लागू पडते. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

सामान्य माणसाची मोटार म्हणून आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभारला. आरंभी तेथे अमेरिकन मोटारी जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि १९६४ पासून तेथे बनू लागलेली फियाट ११०० डी हीच सत्तरच्या दशकात पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. तरीही कित्येक घरांत आजोबांनी घेतलेली एखादी पद्मिनी अद्याप ताडपत्रीखाली उभी असते. ती भंगारात द्यावी की वाचवावी, हा त्या घरापुढील खरा प्रश्न होय.

वाचविणे म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आमच्या कोंकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची रीत आहे. सर्व कौले उतरवितात, झाडूनपुसून पाहतात, शाबूत असतील ती पुन्हा जागेवर बसवितात आणि फुटलेली तेवढीच बदलतात. जीर्णोद्धाराचा नियम हाच. जे वाचू शकते ते टाकू नये, आणि जे धोक्याचे झाले आहे ते झाकू नये. या नियमाचे दोन्ही भाग पाळणारा माणूस विरळा. कोणी हौसेने सगळेच नवे बसवितो, तर कोणी वरवर रंग देऊन मोकळा होतो.

पहिले काम हत्याराचे नसून वहीचे आहे. एकही नट सोडण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. सुटे नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून त्यांवर जागेचे नाव लिहावे. दोन वर्षांनी जोडणी करताना स्मरणशक्ती दगा देते, वही देत नाही. घरी अर्धवट सोडलेल्या बहुतेक मोटारी यंत्राच्या बिघाडामुळे अडत नाहीत; कोणता भाग कोठला, हे विसरल्यामुळे अडतात.

दुसरे काम पत्र्याचे. पद्मिनीला ट्रकसारखी स्वतंत्र पोलादी चौकट नाही. तळ, दारांखालच्या पट्ट्या, खांब व छप्पर एकमेकांस जोडून जो सांगाडा होतो तोच सर्व भार वाहतो. म्हणून तळाचा गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत राहिलेल्या गाडीचा तळ आधी तपासावा. हैदराबादच्या कोरड्या हवेत गंज कमी, पण उन्हाने रबराच्या पट्ट्या व तारांची वेष्टने कडक होऊन तडकतात. गंजून पडलेल्या भोकात पुट्टी भरून वर रंग मारला तर गाडी नवी दिसते आणि आतून दुबळीच राहते. असा भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे, मग प्राइमर व रंग देणे, हाच प्रामाणिक मार्ग. हे काम मात्र अनुभवी मिस्त्रीच्या हातूनच करवून घ्यावे.

तिसरे काम इंजिनाचे. अनेक वर्षे बंद असलेले इंजिन चावी देऊन एकदम सुरू करू नये. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून थोडे तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे, आणि मग पान्याने क्रँक हळूहळू हाताने फिरवून पाहावी. जुने पेट्रोल सुकून कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकट थराने बुजतात, तेव्हा टाकी व कार्ब्युरेटर साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथे गणिताचा थोडा उपयोग होतो. या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६.८ सेंमी व पिस्टनची धाव ७.५ सेंमी. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले धाव, या सूत्राने एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२.४ घन सेंमी येते. चौपट केली की सुमारे १०८९. वर्गात शिकलेले वृत्तचितीचे घनफळ ते हेच! (तुलनेसाठी, १९६४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या पाँटिअॅक जीटीओ या दांडग्या मोटारीचे इंजिन सुमारे ६४०० घन सेंमीचे होते. अमेरिकेतील हौशी लोक तशा गाड्या घरच्या गॅरेजात दुरुस्त करतात.) आता समजा, सिलिंडर झिजला म्हणून तो ०.४ मिमीने मोठा कोरून घेतला. घनफळ सुमारे ११०२ होईल. शक्तीत नाव घेण्यासारखा फरक नाही, परंतु कोरलेली धातू पुन्हा परत येत नाही. दरवेळी भिंत पातळ होते. म्हणून आधी झीज मोजावी. नव्या रिंगांवर भागत असेल तर कोरू नये. मोजल्यावाचून कापू नये, हा धडा शिंप्याला ठाऊक असतो, तोच येथेही कामाचा.

इंजिन सुरू झाले की घरात आनंद होतो व कोणीतरी लगेच फेरी मारू म्हणतो. त्या वेळी थांबणे आवश्यक आहे. चालण्यापूर्वी गाडीला थांबता आले पाहिजे. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते, आतील सिलिंडर गंजतात, रबरी वॉशर कडक होतात. हे सर्व बदलूनच गाडी फाटकाबाहेर काढावी. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. तेथील धूळ कधीही फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. खाली भक्कम घोडी लावावी. पेट्रोलजवळ ज्योत नको आणि विद्युत्काम करताना बॅटरीची तार सोडलेली असावी. विद्यार्थ्यांनी हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

जे जुने शाबूत आहे ते राखावे, या तत्त्वास आता कायद्याचाही आधार मिळाला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी वेगळी नोंदणी ठरविली. ते वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. ही नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली वा अभ्यासाकरिता रस्त्यावर आणता येते, मात्र रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला नाही. याचा अर्थ असा की, हौसेने चकचकीत नवी चाके व नवे इंजिन बसविणारा आपल्याच गाडीचे ऐतिहासिक मोल कमी करीत असतो.

जुने हस्तलिखित संपादणारा पंडित आपल्या पदरची ओळ त्यात घालीत नाही. फाटलेला कागद चिकटवितो, पण अक्षर बदलीत नाही. मोटारीचेही तसेच. झिजलेले पेडल, पुसट झालेला आकडा, दाराच्या कडीवरील बोटांची खूण यांत त्या घराचा इतिहास असतो. मात्र हस्तलिखित चुकले तर वाचक फसतो, आणि मोटारीचा ब्रेक चुकला तर माणूस प्राणास मुकतो. म्हणून जपावयाचे काय आणि बदलावयाचे काय, याचा विवेक हेच या कलेचे सार होय. तो विवेक पुस्तकांइतकाच गॅरेजातील काळ्या हातांच्या मिस्त्रीकडून शिकावा लागतो. आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या त्या पिढीच्या कारागिरांपाशी बसण्याची संधी ज्यांस आज आहे, त्यांनी ती दवडू नये. सुटा भाग पुन्हा घडविता येईल; पण त्यांच्याबरोबर गेलेले ज्ञान परत मिळणार नाही.