वाडीची लाख आणि जपानचा चीक

पेठ वडगावहून कोल्हापूर, आजरा करीत आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडी येते. तेथील चितार आळीतील लाकडी फळे, खेळणी, पाट आणि चौरंग आपण पाहिले असतील. वाडीची दुसरी ओळख म्हणजे गंजिफा. फारसी नावाचा हा पत्त्यांचा खेळ मोगल दरबारात ९६ पानांचा होता. वाडीत त्याने दशावताराचे रूप घेतले आणि १० रंग, प्रत्येकी १२, अशी १२० पाने झाली. हुन्नर असा मुलूख आणि धर्म ओलांडत जातो.

आता कामाकडे वळू. लाख ही किड्याची देणगी. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर हा किडा राळ सोडतो. आपले मणियार बांधव बांगड्यांसाठी तीच वापरतात. खरादावर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. वरून केवड्याचे पान फिरवले की झळाळी येते.

जपानमधील वाजिमा हे गावही असल्याच चकचकीत भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण तेथे लाख नसते. उरुशी नावाच्या झाडाला चिरा पाडून निघणारा चीक ते वापरतात. हा चीक उन्हात नव्हे, दमट हवेत घट्ट होतो. वाडग्याची कड फुटू नये म्हणून ती कापड चिकटवून मजबूत करतात. भाजलेल्या मातीची पूड चिकात मिसळून अस्तराचे थर देतात आणि शेवटी वरचा हात मारतात. म्हणजे खरी मेहनत अस्तरात असते आणि ती गिऱ्हाइकाला दिसत नाही.

मग न दिसणाऱ्या कामाचा दाम वाजिमाचे व्यापारी कसा मिळवीत? ते गावोगाव हिंडत, नेहमीची गिऱ्हाइके बांधून ठेवत, बिघडलेले भांडे दुरुस्त करून देत. भांडी महाग म्हणून आपल्या भिशीसारखी मंडळे करून हप्त्याने विकत. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात वाजिमाची मोठी हानी झाली, अनेक कारखाने पडले. तरीही कारागीर पुन्हा कामाला बसले.

आपल्या व्यापाऱ्यांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात.

एक, मालाचा गुण आणि मर्यादा दोन्ही सांगा. वाजिमाच्या वाडग्यात गरम सूप चालते, आपल्या लाखेला मात्र उष्णता सोसत नाही. लाखकामाच्या ताटलीवर गरम चहाचा पेला ठेवू नये, स्पिरिटने ती पुसू नये, हे विकतानाच सांगावे. नंतर डाग पडला तर गिऱ्हाईक कायमचे तुटते.

दोन, तैलरंग फासलेला माल लाखकाम म्हणून विकू नका. २०२४ मध्ये वाडीच्या गंजिफांना आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसरीकडचा माल वाडीचा म्हणून खपवणे आता कायद्यानेही अंगाशी येईल.

तीन, दुरुस्तीची हमी द्या. खरादावर पुन्हा एक हात देण्यास फार वेळ लागत नाही, पण त्या एका हातावर गिऱ्हाइकाचे घर बांधले जाते.

अस्तर दिसत नाही, तरी टिकते तेच. धंद्यातही सचोटी हेच अस्तर आहे.