कार्ड कपाटात, पैसे परदेशात

प्रश्न : माझं क्रेडिट कार्ड कपाटात, कुलपात होतं. कुणाचा फोन आला नाही, ओटीपी आला नाही, मी कुणाला काही सांगितलं नाही. तरी गुरुवारी पहाटे अडीच वाजता आधी एक डॉलरचा आणि दहा मिनिटांनी साडेचारशे डॉलरचा व्यवहार झाल्याचे मेसेज आले. मुलगा म्हणतो, ‘आई, तू नक्की कुठल्यातरी लिंकवर बोट ठेवलं असणार.’ ओटीपीशिवाय पैसे जातातच कसे?
(सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : मुलाचा संशय तूर्त बाजूला ठेवू. तुम्ही काहीही न करता असं घडू शकतं, आणि पुष्कळांच्या बाबतीत घडतं. तुमच्या पत्रात खरं तर दोन कोडी आहेत. कार्डाचे आकडे चोराच्या हाती लागले कसे, हे एक. आणि लागले तरी ओटीपीवाचून ते चालले कसे, हे दुसरं. दुसरं सोपं आहे, म्हणून ते आधी घेऊ.

ओटीपी मागणं हा कार्डाचा अंगभूत गुण आहे असा आपला समज झालेला असतो. तो कार्डाचा गुण नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ऑनलाइन खरेदीसाठी कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खूण पटली पाहिजे, हे बंधन भारतात १ ऑगस्ट २००९ पासून आलं. सुरुवातीला ती खूण बहुधा पासवर्डाची असे, पुढे ओटीपी रुळला. परदेशातल्या दुकानदाराला हे बंधन लागू नाही. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, एवढ्यावर तो माल देतो. काही दुकानं तर सीव्हीव्हीही विचारत नाहीत. यात निव्वळ बेफिकिरी नाही, व्यापारी हिशेब आहे. पैसे भरताना एक पायरी वाढली की काही गिऱ्हाईकं अर्ध्यावर निघून जातात. त्यापेक्षा अधूनमधून होणारी फसवणूक सोसलेली बरी, असं ही दुकानं ठरवतात. सोसतात हे शब्दशः खरं आहे : जादा पडताळणी न करता घेतलेला व्यवहार खोटा निघाला, तर त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा दुकानदारावरच पडतो.

आता पहिलं कोडं. चोराला तुमचं कार्ड नको असतं, आकडे हवे असतात. वस्तू चोरीला गेली की जागेवर दिसत नाही. आकडे चोरीला गेले तरी तुमच्याकडे जसेच्या तसे राहतात. म्हणून कपाटाच्या कुलपाचा इथे उपयोग झाला नाही.

आकडे मिळवण्याची जुनी रीत म्हणजे कार्डाच्या पाठीवरची काळी चुंबकीय पट्टी वाचणं. त्या पट्टीवरची माहिती कधी बदलत नाही, त्यामुळे एकदा नक्कल केली की कोऱ्या कार्डावर उतरवता येते. एटीएमच्या फटीवर बसवलेलं छोटं यंत्र पट्टी वाचतं आणि वर लपवलेला कॅमेरा पिन टिपतो. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका एटीएममध्ये रोमानियन टोळीने हेच केलं. तिथलं उपकरण धुराची सूचना देणाऱ्या यंत्रासारखं दिसत होतं. पैसे निघाले ते मुंबईतून. याच रीतीवर उतारा म्हणून चिप आली. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे कालचा आकडा आज चालत नाही. २०१८ च्या अखेरीपर्यंत बँकांना पट्टीवाली कार्डं बदलून चिपची द्यावी लागली, ती यासाठीच.

(जाता जाता : एटीएमवर ‘कॅन्सल’ दोनदा दाबलं की पिन चोरता येत नाही, हा सल्ला रिझर्व्ह बँकेच्या नावाने फिरत असतो. तो खोटा आहे. पिन दाबताना वर दुसरा हात आडवा धरणं हा साधा उपाय मात्र खरा आहे, आणि तोच कुणी करत नाही.)

पण तुमचा व्यवहार ऑनलाइन झालेला आहे. पट्टीतला गुप्त आकडा आणि पाठीमागे छापलेला सीव्हीव्ही हे वेगवेगळे असतात, त्यामुळे एटीएमवर नक्कल झालेली पट्टी ऑनलाइन खरेदीला फारशी कामाची नसते. तुमच्या बाबतीत एटीएमवरचा संशय आपण काढून टाकू.

राहिल्या दोन वाटा. पहिली, तुम्ही जिथे प्रामाणिकपणे खरेदी केली तिथूनच आकडे जाणं. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळात कुणीतरी जेमतेम २२ ओळींचा कोड घुसवून ठेवला. प्रवासी तिकिटाचे पैसे भरत होते आणि टाइप केलेला प्रत्येक आकडा, सीव्हीव्हीसकट, चोरांकडेही जात होता. संकेतस्थळ खरं, कुलपाचं चिन्ह खरं, तिकीटही खरं! संशय यावा असं प्रवाशांच्या नजरेला काहीच पडत नव्हतं. कंपनीला पुढे दोन कोटी पौंडांचा दंड झाला. ‘ओळखीच्या संकेतस्थळावर धोका नाही’ हा समज इथे लंगडा पडतो.

दुसरी वाट ऐकून तुम्हाला नवल वाटेल : आकडे चोरायचेच नाहीत, ओळखायचे. कार्डाचा नंबर सोळा आकडी दिसला तरी सगळे आकडे मोकळे नसतात. सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात, आणि त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांवर ते सारखेच असतात. शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून गणिताने निघतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची ही १९५० च्या दशकातली युक्ती. हेतू इतकाच, की लिहिताना एखादा आकडा चुकला तर लगेच कळावं. मधले उरलेले आकडे संगणक भराभर रचून पाहतो. मुदतीचे महिने साधारण साठ, सीव्हीव्हीच्या शक्यता हजार. एका दुकानाने चार-पाच चुकांनंतर दार लावलं, तर पुढचा प्रयत्न दुसऱ्या दुकानात. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की असे प्रयत्न अनेक संकेतस्थळांवर विभागले तर काही सेकंदांत काम होतं.

म्हणूनच तुमच्या पत्रातला सर्वांत बोलका तपशील साडेचारशे डॉलरचा नसून एक डॉलरचा आहे. आकडे ओळखलेले असोत वा विकत घेतलेले, कार्ड जिवंत आहे का हे चोराला आधी पाहावं लागतं. विकत घेतलेले म्हणण्याचं कारण, चोरणारा आणि वापरणारा बहुधा वेगळे असतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जोकर्स स्टॅश’ नावाच्या चोरबाजारात सुमारे तेरा लाख कार्डांचा साठा विक्रीला आला. त्यातली बहुतेक भारतीय होती आणि भाव होता एका कार्डाला शंभर डॉलर. असा माल घेणारा आधी एखादी क्षुल्लक रक्कम चालवून बघतो. ती गेली की लगेच मोठी खरेदी. तीही बहुधा गिफ्ट कार्डासारखी, जी दुसऱ्याला विकून मोकळं होता येतं. पहाटे अडीचची वेळही सोयीचीच : मेसेज येतो, वाचणारा झोपलेला असतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ चा दरोडा अनेकांना अजून आठवतो, आणि ‘तसंच झालं का’ असं लोक विचारतात. तसं नाही. तिथेही नकली कार्डं होती, पण चोरांनी बँकेचा होकारच नकली केला होता. एटीएम बँकेला विचारी, ‘पैसे देऊ का?’ आणि बँकेच्या यंत्रणेऐवजी चोरांनी मध्ये बसवलेली यंत्रणा ‘द्या’ म्हणे. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये असे निघाले. देशातली रोकड आणि हाँगकाँगला परस्पर पाठवलेली रक्कम धरून आकडा ९४ कोटींवर गेला. ते पैसे बँकेचे होते, खातेदारांच्या शिलकीतले नव्हते. या प्रकरणी ११ जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली.

आता एक प्रश्न माझ्याकडून. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड हाती येतं तेव्हा त्याचा परदेशी आणि ऑनलाइन वापर बंदच असतो. आपण बँकेच्या अॅपमध्ये जाऊन तो सुरू करावा लागतो. तुमचं कार्ड त्यानंतरचं असेल, तर ते बटण कुणीतरी सुरू केलं आणि तसंच राहू दिलं. एखाद्या परदेशी वर्गणीसाठी तुमचं कार्ड कुणी वापरलं होतं का, हे आता तुम्ही चिरंजीवांना विचारा.

पैशांचं म्हणाल तर आशा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, दोष बाहेरच कुठेतरी, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. चूक तुमची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम, तुमचं नव्हे. कार्ड बंद करा, लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घ्या, आणि १९३० या हेल्पलाइनवरही नोंद करा. मेसेज आला तो दिवस या तीनांत धरत नाहीत. तुमचा गुरुवार गेला, शुक्रवार हा पहिला दिवस, शनिवार महिन्याचा दुसरा, म्हणजे बँकेला सुट्टी, मग रविवार. याचा अर्थ मुदत मंगळवारपर्यंत. तुमचं पत्र आमच्याकडे सोमवारी दुपारी पोचलं, त्यामुळे हा शेवटचा परिच्छेद तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर वाचून दाखवला होता; इथे छापला तो बाकीच्या वाचकांसाठी.