कुंडीतले पाणी आणि अच्चायिक सुत्त




ऑक्टोबर संपत आला की मस्कतची हवा जरा माणसात येते आणि आपल्या गॅलऱ्यांमध्ये पुन्हा कुंड्या दिसू लागतात. म्हणून या वेळचा अभ्यास झाडांच्या निमित्ताने करू या. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी मी नर्सरीतून पिंपळाचे हातभर रोप आणले. आणले ते ऐन मे महिन्यात. पारा ४५ अंशांकडे चाललेला, म्हणून सकाळी, ऑफिसातून आल्यावर आणि झोपण्यापूर्वी असे दिवसातून तीनदा पाणी घालू लागलो. आठवड्याभरात पाने मलूल झाली. मला वाटले, पाणी कमी पडते आहे, आणखी वाढवले. वर चमचाभर खतही टाकले. तीन आठवड्यांत सगळी पाने गळली. कुंडी उलटी केली तेव्हा माती चिखल झाली होती आणि मुळे काळी पडून कुजली होती. रोप उन्हाने गेले नव्हते, माझ्या पाण्याने गेले होते.

कारण साधे आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात आणि मग पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे ओल्या मातीतले झाडसुद्धा तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते. लक्षण एकच, कारणे दोन. मी लक्षण पाहिले, कारण तपासले नाही. सॉफ्टवेअरमध्ये हीच चूक कोणी केली तर मी त्याला धारेवर धरतो!

आता सुत्ताकडे वळू. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात अच्चायिक सुत्त आहे. अच्चायिक म्हणजे तातडीचे. भगवान बुद्ध सांगतात की शेतकऱ्याची तातडीची कामे तीन: शेत नीट नांगरून तयार करणे, बी पेरणे, आणि पाणी आत घेणे व बाहेर काढणे. ही कामे त्याने तत्परतेने करावीत. पण आजच अंकुर फुटो, उद्या कणसे येवोत, परवा पीक तयार होवो, असा हुकूम सोडण्याची शक्ती त्याच्याकडे नाही. ऋतू बदलतो तसे पीक आपल्या वेळेने तयार होते. भिक्खूचेही तसेच. अधिसील, अधिचित्त आणि अधिपञ्ञा या तीन शिक्षा तत्परतेने आचराव्यात. चित्त आजच मुक्त होवो असा हुकूम चालत नाही.

यातले तिसरे काम पुन्हा वाचा. पाणी आत घेणे आणि बाहेर काढणे, हे एकच काम आहे. मी त्यातले अर्धेच करत होतो.

ही गोष्ट आपण राहतो त्या देशात डोळ्यांनी पाहता येते. निझवाचा फलज दारिस हा २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पाच फलजांपैकी एक. फलजाचे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने वाहते आणि वेळेच्या हिश्शाने वाटले जाते. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजत. आपली पाळी संपली की पाट बंद करून पाणी पुढच्या बागेला सोडायचे. याउलट बातिना किनाऱ्यावर पंपांनी विहिरींतून इतके पाणी उपसले गेले की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरले आणि अनेक बागा खाऱ्या झाल्या.

आता जरा अवघड भाग. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. दर शुक्रवारी घरी त्रिशरण-पंचशील, मग गाथांचे पाठांतर, प्रश्नोत्तरे, शेवटी आनापान, असा माझा दीड तासाचा वर्ग चाले. काही महिन्यांनी दर शुक्रवारी तिचे पोट दुखू लागले. मी निदान केले, श्रद्धा कमी पडते आहे; आणि शनिवारचाही वर्ग सुरू केला. तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, पिंपळाचं काय झालं ते विसरलात का?”

वर्ग वीस मिनिटांवर आणला. पाठांतर थांबवले. एखादा शुक्रवार ती आली नाही तर बोलायचे नाही असे ठरवले. हे मला फार जड गेले, कारण परदेशात मुले धम्मापासून तुटतील ही भीती आपल्या सर्वांनाच असते. गेल्या हिवाळ्यात निझवाला फलज पाहताना तिने स्वतःहून विचारले, “बाबा, रोहिणी नदीच्या पाण्यासाठी शाक्य आणि कोलिय भांडत होते ना? त्यांनी अशा पाळ्या का नाही लावल्या?” बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे हाच पाण्याचा तंटा आहे. मी तो तिला एकदाच, पाठांतराशिवाय सांगितला होता. अजूनही काही शुक्रवारी ती येत नाही.

कुंडीसाठी एवढे करा:

१. रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, मे महिन्यात नको.
२. पाण्याआधी बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर थांबा.
३. पाणी द्याल तेव्हा कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. त्यासोबत साचलेले क्षार निघून जातात. बशीतले पाणी ओतून टाका.
४. उन्हाळ्यात गच्चीच्या टाकीतले पाणी फार तापते. रात्री बादलीत भरून ठेवा, सकाळी घाला.
५. झाड मलूल दिसले तर आधी माती तपासा. आजारी झाडाला खत देऊ नका.

आणि या आठवड्यात स्वतःला विचारा: ज्यांची मी काळजी घेतो त्यांपैकी कोणाला पाणी देत राहिलो, आणि ते बाहेर जायला वाट ठेवली का? उत्तर सापडले तर पुढच्या अभ्यासवर्गात अवश्य सांगा.

माझ्या गॅलरीत दुसरा पिंपळ आहे. दोन वर्षांचा झाला, छातीपर्यंत आला आहे.

भवतु सब्ब मंगलं.