विमानाच्या पंखातील पोकळी

करजगीच्या आडतीत पोते वरून कितीही स्वच्छ असले, तरी आतली ओल सळई खुपसून काढलेल्या दाण्यांवरूनच आम्ही ओळखतो. कार्बन-तंतूंच्या घडणीतही खरा शत्रू आतच दडलेला असतो.

४ जानेवारी २००१ रोजी बंगळूर येथे प्रथम उडालेल्या 'तेजस' विमानाचे पंख मुख्यत्वे याच तंतूंचे आहेत. तंतू केसाच्या सुमारे दशांश जाडीचा. राळेत भिजविलेल्या तंतूंचे थर रचून ते हवाबंद आवरणात घालतात आणि दाबभट्टीत तापवितात. विमानाच्या भागांस बहुधा १८० अंश उष्णता लागते. राळ प्रथम पातळ होते, मग गोठते. या मधल्या अल्प काळातच दाब पडला पाहिजे. उशीर झाला, तर अडकलेली हवा व ओलीची वाफ पोकळ्या होऊन कायमची राहते. घाई झाली, तर राळच वाहून जाऊन तंतू कोरडे पडतात. शेकडा १ पोकळीने थरांची परस्परांवरील पकड शेकडा सुमारे ७ ने घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. उड्डाणात थर सुटू लागले, तर वैमानिकाच्या प्राणाशीच गाठ!

वरून मात्र भाग तुळतुळीतच दिसतो. म्हणून कानास ऐकू न येणारा ध्वनी त्यातून सोडून पोकळी शोधतात. आमच्या सळईने पोत्यास भोक तरी पडते. तेथे ओरखडाही उठत नाही.