भीमाशंकरच्या वाटेवर: कारवी आणि शेकरू

खांडसहून शिडी घाटाने किंवा तुलनेने सोप्या गणेश घाटाने भीमाशंकर गाठणाऱ्यांना उतारावर कारवीची दाट रानं लागतात आणि माथ्यावरच्या सदाहरित झाडीत शेकरू दिसण्याची शक्यता असते. या दोहोंचे वर्गीकरण व संरक्षण ज्याला ठाऊक आहे, त्याला कोठे थांबावे आणि कशाला हात लावू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कारवी हे अडुळसा, कोरांटी व अबोली यांच्याच कुळातील, स्ट्रोबिलँथस या प्रजातीचे झुडूप होय. ते एकफली आहे, म्हणजे आयुष्यात एकदाच, साधारणतः सातव्या वर्षी, सबंध उतारासह फुलते, बी धरते आणि मरते. जांभळट निळ्या फुलांखालचा चिकट भाग बोटांना लागतो. पुढे बोंडे वाळून तडकतात आणि बी दूर उडते. फुलोऱ्यानंतर वाळके दांडे बराच काळ उभेच राहतात, त्यामुळे हिरव्या कारवीच्या आधाराने चढणाऱ्याने ते भरवशाने धरू नयेत, कारण ते हातात मोडून येतात. (कुडाच्या भिंतींना मात्र याच काठ्या पिढ्यान्‌पिढ्या पुरल्या.)

शेकरू हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील आणि खारींच्याच कुळातील सस्तन प्राणी असून, 1777 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले व आज तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूचीत त्याचे नाव असल्याने हे संरक्षण अभयारण्याबाहेरही त्याच्यासोबत जाते. कारवीचे नाव त्या अनुसूचीत नाही. तिला आधार आहे तो 1985 मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीचा, आणि हद्दीपलीकडच्या उतारावर तेवढाही नाही. नावांच्या यादीवर बेतलेल्या संरक्षणाची ही उणीवच म्हणावी लागेल, कारण छायाचित्रासाठी फुलोऱ्यात घुसून तुडवलेल्या झुडपाला बी धरण्याची दुसरी संधी नसते.

शेकरू क्वचितच जमिनीवर उतरतो आणि एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर झेपावत फिरतो, म्हणून सलग झाडी तुटली की त्याची वाटही तुटते. त्याला पाहण्यासाठी सकाळी लवकर, गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर, उंच फांद्यांमधील काटक्या-पानांची गोल घरटी दुर्बिणीतून शोधावीत, आवाज करू नये आणि खायला काहीही टाकू नये.